रॅम 1500 च्या मागच्या एअर स्प्रिंगा बदलल्यानंतर: एका हिवाळ्याचा आणि उन्हाळ्याचा अनुभव

माझ्याकडे 2014 सालचा रॅम 1500 हा पिकअप ट्रक असून त्याला कारखान्यातूनच चारही चाकांवर एअर सस्पेन्शन, म्हणजे लोखंडी स्प्रिंगांऐवजी दाबाखालच्या वायूने फुगवलेल्या रबरी पिशव्यांवर (एअर स्प्रिंगांवर) ट्रक तोलणारी यंत्रणा, बसवलेले आहे. मी अमेरिकेत मिनेसोटा राज्यात राहतो. गेल्या ऑक्टोबरमध्ये मी या ट्रकच्या मागच्या दोन्ही एअर स्प्रिंगा बदलल्या. त्यानंतर पूर्ण हिवाळा, बर्फ वितळल्यावर उघड्या पडलेल्या खड्ड्यांचा वसंत ऋतू आणि ट्रेलर ओढण्याचा उन्हाळा असे सगळे झाल्यावर हा अनुभव लिहीत आहे, कारण अशा स्प्रिंगेबद्दल ती बसवल्याच्या आठवड्यात मत देण्यात अर्थ नसतो. रबराची खरी परीक्षा उणे वीस अंश सेल्सियसखाली होते.

या ट्रकच्या मागच्या बाजूची रचना समजून घेतली तर काम किती अवघड आहे याचा अंदाज येतो. रॅम 1500 ने 2009 च्या मॉडेलपासून मागच्या ॲक्सलच्या पट्ट्यांच्या, म्हणजे लीफ स्प्रिंगा काढून वेटोळ्यांच्या, म्हणजे कॉइल स्प्रिंगा दिल्या आणि 2013 च्या मॉडेलपासून चारही चाकांवर एअर सस्पेन्शनचा पर्याय दिला. पुढच्या बाजूला हवेची पिशवी आणि हेलकावे शमवणारा शॉक अबसॉर्बर एकाच जुळणीत येतात, तर मागे शॉक अबसॉर्बर वेगळा असतो आणि एअर स्प्रिंग कॉइलच्या जागी ॲक्सल व फ्रेम यांच्यामध्ये स्वतंत्र बसते. त्यामुळे मागची स्प्रिंग बदलणे हे पुढच्यापेक्षा पुष्कळ सोपे काम आहे. दुसरी महत्त्वाची गोष्ट म्हणजे ही यंत्रणा बंदिस्त आहे. तिच्यात कोरडा नायट्रोजन भरलेला असतो आणि कॉम्प्रेसर तोच वायू टाकी व स्प्रिंगा यांच्यामध्ये इकडून तिकडे नेतो. बाहेरची दमट हवा आत गेली तर थंडीत तिच्यातले पाणी व्हॉल्व्हमध्ये गोठू शकते, हे त्यामागचे मुख्य कारण. याचाच दुसरा अर्थ असा की गळून गेलेला वायू आपोआप भरून निघत नाही.

दोष ओळखण्याबद्दल मला सविस्तर लिहावेसे वाटते, कारण बहुतेकांचे पैसे इथेच वाया जातात. थंड प्रदेशात सकाळी ट्रक खाली बसलेला दिसला की स्प्रिंग फुटली असे मानले जाते, पण नुसत्या थंडीनेही ट्रक खाली बसतो. एअर स्प्रिंगमधला दाब मुख्यतः तिच्यावरच्या वजनाने ठरतो, आणि वजन तेच राहिले तर थंड झालेल्या वायूचे आकारमान कमी होते. 20 अंश सेल्सियसच्या गॅरेजमधून काढलेला ट्रक रात्रभर उणे 20 अंशांत उभा राहिला, तर निरपेक्ष तापमान 293 वरून 253 केल्व्हिनवर येते, म्हणजे वायू सुमारे 14 टक्क्यांनी आकुंचन पावतो. ही घट जवळपास सगळ्या चाकांवर सारखी असते आणि इंजिन सुरू केल्यावर ट्रक पुन्हा उंची घेतो. गळतीची लक्षणे वेगळी असतात. एकच कोपरा खाली बसतो, उबदार दिवसांतही बसतो, आणि कॉम्प्रेसर पूर्वीपेक्षा जास्त वेळ चालतो. माझ्या ट्रकची मागची डावी बाजू सप्टेंबरमध्ये, थंडी पडण्याआधीच, रात्रीतून खाली येऊ लागली होती. त्यामुळे शंकेला फारशी जागा नव्हती.

तरीही साबणाच्या पाण्याची चाचणी केल्याशिवाय कोणताही भाग विकत घेऊ नये, असे माझे ठाम मत आहे. भांड्यांचा साबण पाण्यात कालवून तो स्प्रिंगवर, नळीच्या जोडावर आणि वायू वेगवेगळ्या स्प्रिंगांकडे सोडणाऱ्या व्हॉल्व्ह ब्लॉकच्या जोडांवर फवारावा व काही मिनिटे थांबावे. इथे एक बारकावा आहे. या स्प्रिंगेतील रबरी नळकांडे खालच्या पिस्टनवर दुमडत व उलगडत जाते, आणि भेगा नेमक्या त्या घडीत पडतात. नेहमीच्या उंचीवर भेग घडीच्या आत लपलेली असू शकते आणि तेव्हा बुडबुडे दिसत नाहीत. मी ट्रक ऑफ रोडच्या, म्हणजे खडबडीत वाटेसाठी दिलेल्या सर्वांत वरच्या पातळीवर, म्हणजे सुमारे 2 इंच वर नेल्यावर घडीचा लपलेला भाग उलगडला आणि तिथे बारीक फेसाची रेघ उमटली. घडीत साचणारी वाळू आणि रस्त्यावरचे मीठ यांत दहा हिवाळे काढलेल्या रबराबद्दल मला यात तक्रारीसारखे काही वाटत नाही. उजवी स्प्रिंग गळत नव्हती, पण ती काढल्यावर तिच्या घडीतही तशाच केसासारख्या भेगा दिसल्या. एकाच वयाच्या दोन्ही स्प्रिंगा एकत्र बदलाव्यात या सल्ल्याला याहून चांगला पुरावा नको.

गळती लहान असतानाच काम उरकावे. बंदिस्त यंत्रणेतला वायू कमी होत गेला की कॉम्प्रेसर तीच उंची गाठण्यासाठी वारंवार आणि जास्त वेळ चालतो, तापतो, आणि शेवटी एका रबरी पिशवीच्या दुर्लक्षापायी त्याहून कितीतरी महाग असलेला भाग निकामी होतो.

प्रत्यक्ष काम एका दुपारचे आहे. ट्रकच्या सेटिंगमधून आधी टायर जॅक मोड सुरू करावा, नाहीतर ट्रक वर उचलला असताना यंत्रणा स्वतः उंची सुधारू पाहते. पुढच्या चाकांना अडसर लावून फ्रेम भक्कम जॅक स्टँडवर टेकवावी आणि ॲक्सल हळूहळू खाली सोडावा. त्या वेळी ब्रेकच्या नळीला आणि हाइट सेन्सरच्या नाजूक दांडीला ताण बसत नाही ना, हे पाहत राहावे. हवेच्या नळीचे फिटिंग डोळ्यांवर चष्मा लावूनच सैल करावे आणि आतला वायू पूर्ण निघून जाईपर्यंत पुढे जाऊ नये. त्यानंतर वरची पकड सोडवून स्प्रिंग काढणे हा भाग गंज किती आहे यावर अवलंबून असतो. मिनेसोटातल्या ट्रकवर तो भरपूर असतो, म्हणून गंज सोडवणारे तेल आदल्या रात्रीच मारून ठेवले होते.

माझ्या मते या कामाची गुणवत्ता दोन गोष्टींवर ठरते. पहिली म्हणजे नळीचे टोक. ते चाकूने न कापता नळी कापण्याच्या कटरने अगदी काटकोनात कापावे लागते, आणि नव्या फिटिंगमध्ये ती शेवटपर्यंत बसली हे कळण्यासाठी आत जाणारी लांबी आधीच खूण करून ठेवावी लागते. तिरक्या कापाची नळी आज धरते आणि जानेवारीत गळते. दुसरी गोष्ट अशी की रिकाम्या स्प्रिंगवर ट्रकचे वजन कधीही टाकू नये. हवा नसलेले रबर वेडेवाकडे दुमडते, चिमटते आणि नवीन असतानाच कापले जाते. वायू भरण्यासाठी मी ट्रक जवळच्या एका गॅरेजमध्ये टो करून नेला नाही, तर तिथल्या मेकॅनिकलाच नायट्रोजनची टाकी आणि ट्रकच्या संगणकाला जोडायचे स्कॅन टूल घेऊन घरी बोलावले. त्याने स्प्रिंगा थोड्या फुगवल्या, घडी नीट गोल बसल्याची खात्री केली आणि मगच ट्रक खाली घेतला. स्वतःकडे ही साधने नसतील तर ही सोय काम सुरू करण्याआधीच ठरवून ठेवावी.

आता वापराविषयी. स्प्रिंगा मूळ उत्पादकाच्या नसून सुट्या भागांच्या बाजारातल्या आहेत. पहिल्या काही आठवड्यांत मागची बाजू किंचित कडक वाटली, पुढे तो फरक जाणवेनासा झाला. जानेवारीच्या कडाक्यात उणे 25 अंशांच्या सकाळी ट्रक चारही बाजूंनी थोडा खाली बसलेला असे, पण डावी-उजवी बाजू समान असे. इंजिन सुरू केल्यावर उंची घ्यायला वेळ लागे आणि पहिले काही मैल रबराचा ताठरपणा पाठीला जाणवे. हा त्रास नव्या स्प्रिंगांनी गेला नाही आणि जाणारही नाही. गॅरेजमध्ये उभ्या केलेल्या ट्रकला मात्र तो फारसा होत नाही.

एअर स्प्रिंगचे खरे मोल मला ओझ्याखाली कळते. लोखंडी कॉइलवर वजन वाढले की ट्रक खाली बसतो आणि त्याचे हेलकावे संथ व मोठे होतात, तर एअर स्प्रिंगमध्ये वजनासोबत दाब आणि कडकपणाही वाढतो, त्यामुळे रिकामा व भरलेला ट्रक जवळपास सारखाच चालतो. आमच्या इथल्या गणेशोत्सवाचे टेबल, स्पीकर आणि मखराचे सामान भरले काय किंवा कॅम्पर ट्रेलर जोडून डुलुथच्या पुढे लेक सुपीरियरच्या काठाने गेलो काय, ट्रक सपाट राहतो आणि हेडलाइट समोरच्या चालकाच्या डोळ्यांत जात नाहीत. सामान चढवताना ट्रक मुद्दाम सुमारे 2 इंच खाली घेता येतो, हे माझ्या वयाच्या गुडघ्यांना फार उपयोगाचे आहे. मात्र ट्रक सपाट दिसतो म्हणून भार मर्यादेत आहे असे समजू नये. मर्यादा चालकाच्या दाराजवळच्या लेबलवर लिहिलेली असते आणि ती स्प्रिंगांनी वाढत नाही.

एअर सस्पेन्शन काढून चारही बाजूंना कॉइल लावण्याची किट मिळतात, आणि मी त्यांचा गंभीरपणे विचार केला होता. हा वाद नवा नाही. 1957 च्या कॅडिलॅक एल्डोराडो ब्रोहॅमला एअर सस्पेन्शन होते आणि त्यांतल्या अनेक गाड्यांवर मालकांनी पुढे कॉइल बसवून घेतल्या. कॉइलला गळती नाही, कॉम्प्रेसर नाही, देखभाल जवळपास नाही. पण उंची बदलता येत नाही, ओझ्याखाली ट्रक सपाट राहत नाही आणि डॅशबोर्डवरचा इशारा बंद ठेवण्यासाठी काही किटांसोबत वेगळे मॉड्यूल लावावे लागते. ज्याचा कॉम्प्रेसरही थकला आहे, पुढच्याही पिशव्या गळत आहेत आणि जो ट्रेलर ओढत नाही, त्याने कॉइल लावून मोकळे व्हावे. माझा कॉम्प्रेसर शाबूत होता, पुढच्या पिशव्या गळत नव्हत्या आणि ट्रेलर दर उन्हाळ्यात जोडला जातो, म्हणून मी एअर स्प्रिंगाच घेतल्या आणि आजही तेच करीन.

हिवाळाभर कार वॉशमध्ये ट्रकच्या पोटाखालून पाणी मारून घडीतले मीठ व वाळू धुऊन टाकण्याची सवय मी लावून घेतली आहे. परवा ट्रक पुन्हा वरच्या पातळीवर नेऊन साबणाचे पाणी मारले, तेव्हा मागच्या दोन्ही स्प्रिंगांवर आणि नळीच्या जोडांवर एकही बुडबुडा आला नाही. पुढच्या पिशव्या अजून मूळच्याच आहेत, त्यांची हीच चाचणी आता दर सप्टेंबरमध्ये होईल.