नॉर्वेचा कंटेनर, कोल्हापूरची थंडी आणि माझे ८९,५०० रुपये

आधी आकडा सांगून टाकतो. लपवून उपयोग नाही, आख्ख्या कंपनीला तो पाठ झालाय. ८९,५०० रुपयांना फसलो. त्यात इलेक्ट्रिक माउंटन सायकल ७८,५००, 'विंटर किट' ६,२०० आणि नंतर 'कंट्रोलर प्रोग्रॅमिंग'च्या नावाखाली ४,८००. सायकलीच्या पैशातले १०,००० यूपीआयनं बुकिंगला, ४५,००० बँकेतून, २३,५०० रोख. रोख का दिले, असं जो तो शहाणा विचारतो. कारण बिल पूर्ण ७८,५०० चं होतं, ५ टक्के जीएसटी लावलेलं, शिक्क्यासकट. बिल हातात असल्यावर आणि काय बघायचं असतं माणसानं?

(बघायचं असतं. जीएसटी नंबर १५ अक्षरांचा असतो, महाराष्ट्रातला २७ नं सुरू होतो आणि जीएसटीच्या पोर्टलवर तो फुकटात तपासता येतो. माझ्या बिलावरचा २७ नंच सुरू होतो. पोर्टलवर मात्र तो नंबर अस्तित्वातच नाही. पैसे देण्याआधी, दुकानात उभं राहून, मोबाईलवर तपासा.)

परदेशी ऑर्डर रद्द, कंटेनर न्हावा-शेव्याला अडकलेला, म्हणून माल निम्म्या किमतीत. हा प्रकार तुम्हाला नव्यानं सांगायला नको, मलाही माहीत होता. फरक इतकाच की इथं कंटेनर नॉर्वेला निघाला होता आणि गाडी 'विंटर एडिशन' होती. चार इंची जाड टायर, पुढं सस्पेन्शन, दोन्हीकडं डिस्क ब्रेक, ३६ व्होल्ट १४ अँपिअर-अवरची बॅटरी (अँपिअर-अवर म्हणजे आत किती वीज मावते त्याचं माप), पन्नास किलोमीटर रेंज. मी रंकाळ्याकडून गोकुळ शिरगावला फाउंड्रीत जातो. एका बाजूला अकराएक किलोमीटर, पहिली पाळी असली की अंधारात आणि थंडीत निघायचं. रस्त्यांची अवस्था बघता माउंटन सायकलच पाहिजे हे ठरलं होतं आणि बाराही महिने चालवायची होती. त्यामुळं कॅनडा, नॉर्वेतली माणसं बर्फात रोज सायकलनं कामावर कशी जातात, हे मी आधीच बरंच वाचून ठेवलं होतं. टायरला खिळे लावतात, रस्त्यावरच्या मिठानं चेन खाल्ली जाते म्हणून ती सारखी पुसतात, बॅटरी काढून घरात आणतात आणि गार बॅटरी लगेच चार्जिंगला लावत नाहीत. शून्याखाली चार्ज केली तर आत लिथियमचा थर बसतो आणि ती कायमची खराब होते. हे सगळं खरं आहे. आणि याच खऱ्याचा वापर करून विकणाऱ्यानं मला चार महिने झुलवलं.

पहिल्याच आठवड्यात परतीच्या वाटेवर उजळाईवाडीच्या अलीकडं गाडी मेली. डिस्प्ले बंद, मोटार बंद, खाली सत्तावीस किलोचं धूड आणि ते चार इंची टायर. बर्फावर ते छान चालत असतील, डांबरावर पाय मोडतात. शाहू नाक्यापासून सायबर चौकापर्यंत कसा आलो ते माझं मला माहीत. दुसऱ्या दिवशी विकणाऱ्याच्या गाळ्यावर गेलो तर हा शांत. "सर, लिथियम हाय. थंडीत बसतीच. युरोपात तर तीस टक्के पडती, तुम्ही वाचलाय न्हवं?" वाचलं होतं ना! म्हणून तर गप्प बसलो. वर ६,२०० चं किट घेतलं: बॅटरीला गुंडाळायचं रबरी जाकीट, मडगार्ड, लाईट. जानेवारीत परत गेलो तर कंट्रोलर 'थंड हवामानाला सेट' करायचे ४,८००. "मार्च लागू दे सर, मग बघा कशी पळतीय. नाद खुळा!"

आता हे नीट वाचा. बॅटरीवर लिहिलेली क्षमता पंचवीस अंशांच्या आसपास मोजलेली असते. शून्याजवळ रेंज पाचव्या-चौथ्या हिश्शानं उतरते, उणे वीसला आणखी बरीच. कोल्हापुरात जानेवारीच्या पहाटे पारा पंधराच्या आगंमागं असतो. स्वेटर घालण्याइतकी थंडी आपल्याला वाजते, बॅटरीला नाही. पन्नासची रेंज बारावर आणणारी थंडी कोल्हापुरात कधीच पडलेली नाही. विक्रेता थंडीचं नाव घेऊ लागला की थर्मामीटर दाखवा.

आणि आता ती गोष्ट, जी आठवली की अजून झोप उडते. परतीची खात्री नाही म्हणून मी चार्जर डब्याच्या पिशवीत टाकून न्यायला लागलो होतो. इन्स्पेक्शनच्या टेबलाखाली बॅटरी लावायची आणि कामाला लागायचं. दोन तासांत चार्जरचा लाल दिवा हिरवा. शेजारच्या टेबलावरचा म्हणाला, "लवकर भरती की रं!" आणि मी, तिथं उभा राहून, अभिमानानं सांगितलं की फास्ट चार्जिंग आहे, इंपोर्टेड माल आहे. चार्जरवर ठसठशीत छापलंय: ४२ व्होल्ट, २ अँपिअर. १४ अँपिअर-अवरची रिकामी बॅटरी २ अँपिअरनं भरायला सात तास लागतात. चौथीतल्या पोराचा भागाकार. दोन तासांत भरते म्हणजे आत चारच अँपिअर-अवर आहेत. दिवा माझ्या डोळ्यांसमोर रोज हिरवा होत होता. पण मला सांगा, लवकर भरली म्हणून तक्रार करायला कोण जातो? उशिरा भरली असती तर पहिल्याच दिवशी गाळ्यावर जाऊन बसलो असतो.

मार्चमध्ये गाळ्याला कुलूप. फोन आधी 'व्यस्त', मग बंद. मालक म्हणतो, तोंडी बोलीवर दिला होता, भाडं रोख यायचं, माणूस कुठला माहीत नाही.

लक्ष्मीपुरीतल्या एका बॅटरीवाल्या पोरानं केसचे स्क्रू काढले. चाळीस सेल असायला हवे होते, वीस होते. गुलाबी सालीचे, वर कंपनीचं नाव नाही. साल सोलल्यावर टोकांना आधीच्या स्पॉट वेल्डिंगचे ओरखडे, म्हणजे कुठल्यातरी जुन्या लॅपटॉपच्या बॅटऱ्या फोडून काढलेले. उरलेल्या जागेत थर्माकोल. आणि थर्माकोलमध्ये दोन्ही बाजूंनी चिकटवलेल्या दोन लोखंडी पट्ट्या, वजन जुळावं म्हणून. त्या मी कंपनीत नेऊन काट्यावर ठेवल्या. ८७० ग्रॅम. आयुष्यभर फाउंड्रीत काम केलेल्या माणसाला त्यानं लोखंड बॅटरीच्या भावानं विकलं. वजन करून घ्यायला पाहिजे होतं म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं: वजन बरोबरच भरलं असतं.

मग सुरू झाले सरकारी हेलपाटे. पहिल्या ठाण्यातला प्रश्न: "सायकल मिळाली न्हवं? चालती न्हवं? मग फसवणूक कसली?" अकरा किलोमीटर चालते म्हटल्यावर हसले. मग म्हणाले, हे दिवाणी आहे. दिवाणी कसं? खोटा जीएसटी नंबर, खोटी बॅटरी, लोखंड भरून वजन जुळवलेलं, याला फसवणूक म्हणायचं नाही तर कशाला? पूर्वीचं चारसोवीस आता भारतीय न्याय संहितेत कलम ३१८ झालंय, एवढं मी घरी वाचून गेलो होतो. त्याचा परिणाम उलटाच झाला. "कायदा आम्हाला शिकवताय का?" मग गाळा आमच्या हद्दीत नाही म्हणून दुसरं ठाणं. दुसऱ्या ठाण्यात साहेब बंदोबस्ताला. परत गेलो, साहेब रजेवर. हद्द कुठलीही असली तरी तक्रार शून्य क्रमांकानं नोंदवून पुढं पाठवायची असते, हा आता कायदाच आहे. पण तो काउंटरवर कुणाला सांगायचा? शेवटी एकानं अर्ज घेतला, पोच देताना कुरकुरला आणि मग खरा फटका दिला: "बॅटरी तुम्हीच उघडली. आत लोखंड तुम्हीच घातलं नसेल कशावरून?"

घरी येऊन मी अर्धा तास कुणाशी बोललो नाही.

बँकेत सांगितलं, पैसे तुम्ही राजीखुशीनं पाठवले, तक्रार तीन दिवसांत यायला हवी होती. तीन दिवसांत मला कळलं असतं तर मी थंडी संपायची वाट बघत बसलो असतो का? समोरच्या खात्याची माहिती पोलिसांनी मागितली तर देऊ, म्हणे. पोलीस म्हणतात, बँकेकडून आणा. सायबरवाल्यांचं म्हणणं, तुम्ही दुकानात जाऊन घेतली, हा ऑनलाइन गुन्हा होत नाही. यूपीआय आणि बँकेनं गेलेले ५५,००० मग काय बैलगाडीनं गेले?

(पैसे ऑनलाइन गेले असतील आणि नुकतेच गेले असतील तर आधी १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन लावा, ठाण्यात नंतर जा. समोरचं खातं गोठवायचं असेल तर पहिले काही तासच कामाचे.)

ग्राहक आयोगात तक्रार दाखल केलीय. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथं फी नाही, वकीलही सक्तीचा नाही आणि दोन वर्षांची मुदत असते. नोटीस पोस्टानं परत आली: सदर पत्त्यावर आढळून आला नाही. तो कुठं आढळत नाही हेच तर मी सांगतोय सगळ्यांना!

बाकी, रिकामी बॅटरी दुकानातच चार्जिंगला लावून घड्याळ बघा, किती वेळ लागला ते कळेल. चावीनं बॅटरी बाहेर काढून दाखवत नसेल तर तिथूनच मागं फिरा. मोटार २५० वॉटच्या आतली आणि वेग २५ च्या आत असेल तरच ती कायद्यानं सायकल. '७५० वॉट, नंबर प्लेट नको' म्हणणारा खोटं बोलतोय. आणि तुमची बॅटरी आधीच फसवी निघाली असेल तर खुद्द ठाण्यातल्या माणसासमोर किंवा निदान सीलपासून सलग व्हिडिओ काढत उघडा. माझ्याकडं नुसते फोटो आहेत.

मागच्या आठवड्यात इचलकरंजीतून एका सहकाऱ्याच्या मेहुण्याचा फोन आला. तीच गाडी, फक्त आता कंटेनर फिनलंडचा. दहा हजार बुकिंग देऊन झालं होतं. त्याला तिथल्या तिथं बिलाचा फोटो मागितला. जीएसटी नंबर माझ्याच बिलावरचा. आता आम्ही दोघं झालो. एकाच विक्रेत्याविरुद्ध सारखीच तक्रार असेल तर आयोगाच्या परवानगीनं ती एकत्र चालवता येते. तुमच्या घरात अशी जाड टायरची 'विंटर एडिशन' उभी असेल, तर बिल काढून ठेवा, चार्जरवरचा आकडा वाचा आणि बॅटरीच्या स्क्रूला अजून हात लावू नका.