सलग चाल की मध्येमध्ये जोर?

पोट सुटलं, साखर-बीपी वाढलं, की डॉक्टर म्हणतात, ‘चाला.’ पण रमतगमत की धापा टाकत?

नॉर्वेच्या ट्रॉन्डहाइममध्ये 2008 साली मेटाबॉलिक सिंड्रोमच्या (पोट, साखर, बीपी असं एकत्र वाढण्याच्या) रुग्णांवर हेच तपासलं. आठवड्यातून 3 दिवस, 16 आठवडे. एका गटाने मध्यम वेगाने सलग 47 मिनिटं व्यायाम केला. दुसऱ्याने 4 मिनिटं जोरात, 3 मिनिटं हळू, अशा 4 फेऱ्या. वजन दोन्हीकडे साधारण सारखंच उतरलं. दम आणि रक्तवाहिन्यांची प्रसरणक्षमता मात्र जोरवाल्यांची जास्त सुधारली.

पण ते मोजमाप दंडातल्या मोठ्या धमनीचं. खरी गोम स्नायूंतल्या केसाहून बारीक वाहिन्यांत आहे. स्थूलतेत त्यांच्या अस्तरात नायट्रिक ऑक्साइड, म्हणजे वाहिन्या सैल करणारा वायू, कमी पडतो, जेवणानंतर त्या नीट उघडत नाहीत, आणि इन्सुलिन व साखर स्नायूंपर्यंत पोचायला अडखळतात. व्यायामात वाहतं रक्त अस्तराला घासतं, त्यातून नायट्रिक ऑक्साइड बनवणारं एन्झाइम वाढतं; पुढे नव्या केशवाहिन्याही फुटतात. हे सलग व्यायामानेही होतं. इथे जोरवाल्यांची आघाडी तेवढी ठळक नाही. त्यांचा वेळ वाचतो, एवढं नक्की.

माझं मत? गुडघे कुरकुरत असतील किंवा वर्षानुवर्षं बैठं काम असेल, तर आधी सलग चाल. महिना-दोन महिन्यांनी चढावर जोर लावा. छातीत दुखत असेल, बीपी आटोक्यात नसेल, तर मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय फेऱ्यांच्या फंदात पडू नका. आणि वजनकाटा हलला नाही म्हणून बूट कोनाड्यात टाकू नका. वाहिन्या त्याच्या आधीच सुधारू लागलेल्या असू शकतात.