बीपी-शुगरवाल्यांना फ्लूची लस द्यायचीय: शिबिर लावू, घरोघरी जाऊ, की ओपीडीतच सांगू?

मागच्या आठवड्यात शेजारच्या उपकेंद्रावर नवीन आलेल्या सीएचओचा, म्हणजे उपकेंद्र सांभाळणाऱ्या आरोग्य अधिकारी मुलीचा, फोन आला. ताई फ्लूच्या लसी आल्यात, बॅनर छापायला टाकू का, सरपंचांना बोलावू का, शिबिर कोणत्या वारी लावू. मी म्हटलं बॅनर राहू दे, आधी तुझ्या बीपी-शुगरच्या रजिस्टरला नावं किती आहेत ते मोज. ती जरा नाराजच झाली, तिला वाटलं मी उत्साहावर पाणी ओततेय. तर तिला फोनवर जे अर्धवट सांगितलं ते इथे नीट लिहिते, कारण हाच प्रश्न दरवर्षी कुणी ना कुणी विचारतंच.

मी बीड भागात काम करते, आधी आरोग्यसेविका आणि आता सीएचओ, त्यामुळे हे सगळं उपकेंद्राच्या खुर्चीत बसून लिहिलेलं आहे. शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलला लागू पडेलच असं नाही.

पहिलं म्हणजे मोठ्या माणसाचं लसीकरण हे बाळाच्या लसीकरणासारखं नसतं, आणि आपण सगळे तिथेच चुकतो. बाळाचं कार्ड असतं, तारीख असते, आशाताई आदल्या दिवशी सांगून जाते, अंगणवाडीत सगळ्या आया भेटतात, आणि १९८५ पासून हे इतकं मुरलंय की सासूसुद्धा विचारते डोस दिला का. मोठ्यांच्या वाट्याला त्या नेहमीच्या कार्यक्रमात काय येतं, तर गरोदर बाईचं टीडी, म्हणजे धनुर्वात-घटसर्पाचं इंजेक्शन. बाकी साठीतल्या शुगरवाल्या काकांकडे ना कार्ड ना तारीख, आणि त्यांना कुणी कधी सांगितलेलंच नसतं की तुमच्याही वयाला लस असते. लोक विरोध करतात म्हणून लस घेत नाहीत असं आपण धरून चालतो, पण माझ्या अनुभवात दहातल्या सात-आठ जणांना कुणी विचारलेलंच नसतं.

याउलट कुत्रं चावल्यावर बघा. माणूस भर दुपारी एसटीने येतो, एकदा नाही चार-चारदा येतो, मजुरी बुडवून येतो. त्याला ना बॅनर लागतो ना भाषण, भीती ताजी असते, कुठे जायचं माहीत असतं आणि पैसे लागत नाहीत. फ्लूच्या लसीला यातलं पहिलं नसतं, म्हणून दुसरं आणि तिसरं आपण पक्कं करायचं. मी तरी खालचे सगळे मार्ग याच नजरेने बघते.

शिबिर

शिबिराचा फायदा खोटा नाही. एका दिवसात आकडा होतो, वरचे खूश, फोटो निघतात, आणि चार लोकांनी घेतली की पाचवा आपोआप बाही वर करतो. पण येतं कोण ते बघा. देवळाजवळ राहणारे, चालते-फिरते, ज्यांना तसंही बरं आहे ते. ज्या आजीला दमा आहे आणि दोन पायऱ्या चढल्या की धाप लागते ती वस्तीवरून येणारच नाही. बाजाराच्या वारी शिबिर लावलं तर गर्दी होते हे खरं, पण पिशव्या घेऊन आलेला माणूस लस घेऊन अर्धा तास थांबत नाही, आणि ते थांबवणं तर लागतंच.

माझं एक शिबिर पार बसलं होतं. मे महिना, शाळेची खोली, पंखा बंद, आणि रांगेतल्या तिसऱ्याच आजोबांना लस घेतल्यावर चक्कर आली. उपाशी आले होते हो, सकाळपासून फक्त चहा. पाणी पाजलं, आडवं केलं, दहा मिनिटात उठून बसले, बीपीही ठीक. पण तेवढ्यात निम्मी रांग घरी, आणि संध्याकाळपर्यंत गावात बातमी की लसीने म्हातारा पडला. चूक माझीच होती, खाऊन आलात का हे दारातच विचारायला पाहिजे होतं आणि लस देण्याची जागा रांगेच्या नजरेआड पाहिजे होती. हीच चक्कर ओपीडीत आली असती तर खोलीतल्या दोघांना कळली असती.

औषधाच्या दिवशी ओपीडीत सांगणं

माझं मत पहिल्यापासून इकडेच झुकतं, लपवत नाही. बीपी-शुगरचा पेशंट दर महिन्याला गोळ्या न्यायला येतोच. आपण त्याचा हात हातात घेऊन बीपी बघतो, तो गुडघ्याचं सांगतो, सुनेचं सांगतो. आपल्याला आजार आहे हे त्याने मान्य केलेलं असतं, त्यामुळे अर्धी लढाई आधीच झालेली असते. आणि राज्यात फ्लूची मोफत लस धोक्याच्या गटांना देतात त्यात बीपी-शुगरवाले आणि तीन महिने पूर्ण झालेल्या गरोदर बायका आहेतच, दोन्ही गट आपल्याच रजिस्टरला सापडतात. आशाताईंनी तीस वर्षांवरच्यांचे जे सीबॅक, म्हणजे बीपी-शुगरसारख्या आजारांचा धोका तपासायचे, फॉर्म भरलेत तेही चाळा, यादी करायला वेगळा सर्व्हे नको.

इथे सांगायचं कसं यावर सगळं अवलंबून आहे. "काकू, लस घेणार का?" असं विचारलं की उत्तर ठरलेलं, "बघू, पोराला विचारते." तेच "काकू, पावसाळ्याआधीची तुमची लस राहिलीय, आज देऊन टाकू, काही खाऊन आलात ना?" असं म्हटलं की निम्म्या जणी पदर सरकवतात. ही काही माझी युक्ती नाही, डॉक्टरने प्रश्न विचारण्याऐवजी सरळ शिफारस केली तर जास्त लोक तयार होतात हे बाहेरच्या देशातल्या अभ्यासांतही दिसलंय. पण याला फसवणूक होऊ द्यायची नाही हां. कशाची लस, का, हात दुखेल, एखाद-दोन दिवस अंग कसकसेल, हे सांगायचंच, आणि नको म्हणाली तर नको. पुढच्या महिन्यात ती परत येणारच आहे, आज दामटलं तर ती लस सोडा, गोळ्या न्यायलाही यायची नाही.

तोटे पण आहेत. एक, उपकेंद्रात रोज लस ठेवता येत नाही, दोन ते आठ डिग्रीत ती पीएचसीच्या (प्राथमिक आरोग्य केंद्राच्या) फ्रीजमधूनच कॅरियरने, म्हणजे बर्फाच्या डब्यातून, आणावी लागते. म्हणून मी एक वार ठरवते आणि लसीच्या दोन महिन्यांत गोळ्यांचा वारही तोच करते. दोन, आणि हे जास्त डोक्याला ताप देणारं, गोळ्या न्यायला पेशंट स्वतः येतच नाही, नातू येतो. नातवाच्या हातात गोळ्या दिल्या की विषय संपला. मी आता नातवाला पंधरा दिवसांच्याच देते आणि सांगते पुढच्या वेळी आजोबांना घेऊन ये, बीपी बघायचंय. खोटं नाही, बीपी खरंच बघायचं असतं. पण एक गोष्ट पक्की, आजोबांना येणं जमत नसेल तर गोळ्या अडवायच्या नाहीत, नाव घरभेटीच्या यादीत टाकायचं. तीन, कामावर जाणारे तिशी-चाळिशीतले पुरुष या वाटेने सापडतच नाहीत. त्यांच्यासाठी संध्याकाळची वेळ ठेवावी लागते, आणि ते आपल्या घरच्यांनाही परवडलं पाहिजे.

घरोघरी

कोरोनात, नोव्हेंबर २०२१ ला 'हर घर दस्तक' निघालं तेव्हा आम्ही अक्षरशः शेताच्या बांधावर उभं राहून लस दिलीय. तेव्हा माणसं होती, गाड्या होत्या, सगळ्या खात्यांचा जोर होता. आता त्या भरवशावर प्लॅन करू नका. घरी लस द्यायची म्हणजे कॅरियर, अ‍ॅलर्जीची रिअ‍ॅक्शन आली तर अ‍ॅड्रेनॅलिनचं किट, आणि प्रत्येक घरी अर्धा तास थांबणं. दिवसाला आठ घरं झाली तरी खूप झालं.

पण घरी जाऊन बोलणं ही वेगळी गोष्ट आहे आणि तिला तोड नाही. घरातला निर्णय कोण घेतो ते घरातच कळतं. म्हातारी तयार असते, पुण्याला कंपनीत असलेला मुलगा फोनवर नको म्हणतो, मग मी त्याच्याशीच बोलते, त्याला शंका विचारू देते, आणि बहुतेक वेळा त्याला एवढंच हवं असतं की कुणीतरी नीट सांगावं. म्हणून माझी वाटणी अशी: बोलणं घरी, सुई केंद्रावर. अंथरुणाला खिळलेल्यांना मात्र सुईपण घरी, त्यांची नावं वेगळी काढून एका दिवसात गाडीने उरकायची.

आणि आशाताईंचं एक. त्यांना बराचसा मोबदला कामागणिक मिळतो. ज्या कामाला मोबदला लावलेला नाही ते त्यांच्यावर ढकलायचं आणि वर विचारायचं की यादी का नाही झाली, हे मला पटत नाही. त्या ज्या घरी तशाही जाणार आहेत तिथलंच काम सांगा.

दवंडी, घंटागाडी, व्हॉट्सअ‍ॅप

याचा उपयोग एवढाच की कधी आणि कुठे हे कळतं. "का" हे यातून कुणाला पटल्याचं मी बघितलं नाही. ग्रुपवरचं रंगीत पोस्टर कुणी उघडत नाही, पण ज्यांना तारीख दिलीय त्यांना आदल्या संध्याकाळी माझ्या आवाजात वीस सेकंदाचा निरोप, "अण्णा, उद्या दहाला तुमची लस काढून ठेवलीय, नाश्ता करून या", हे चालतं. अमेरिकेत फ्लूच्या लसीचा एक प्रयोग झाला होता, त्यात लोकांना कोणत्या तारखेला, किती वाजता लस घेणार हे नुसतं स्वतःच्या हाताने लिहायला लावलं, तर घेणारे ३३ टक्क्यांवरून ३७ वर गेले. फार नाही, पण खर्च शून्य. मी गोळ्यांच्या पाकिटावर त्यांच्याकडूनच तारीख लिहून घेते, लिहिता येत नसेल तर त्यांनी बोललेली मी लिहिते.

ग्रुपवर अफवा आली तर ग्रुपवर भांडू नका. फ्लूच्या लसीनेच फ्लू होतो हे फार ऐकायला मिळतं. इंजेक्शनच्या लसीतला विषाणू मेलेला असतो, त्याने फ्लू होऊच शकत नाही, हे खरं आहे आणि सांगायचंही. पण याच गैरसमजावर अमेरिकेत एक अभ्यास झालाय, त्यात माहिती दिल्यावर गैरसमज कमी झाला आणि तरीही ज्यांना आधीच दुष्परिणामांची धास्ती होती त्यांची लस घ्यायची तयारी उलट घटली. मला हे वाचून नवल वाटलं नाही. घाबरलेल्या माणसाला आपण वाद जिंकून दाखवला की तो अजून आक्रसतो. त्याला आधी विचारायचं की कुणाला काय झालेलं बघितलंत, मग ऐकायचं, मग विचारायचं की मी याबद्दल सांगू का.

धाक आणि बक्षीस

२०२१ च्या नोव्हेंबरात दोन्ही करून झालंय. तेव्हाच्या औरंगाबादला लस नाही तर पेट्रोल आणि रेशन नाही असा आदेश निघाला होता, चंद्रपूर महापालिकेने लस घेणाऱ्यांसाठी फ्रीज, वॉशिंग मशीनचा लकी ड्रॉ ठेवला होता. महामारीत ठीक असेल, तेव्हाची घाई वेगळी होती. पण फ्लूची लस दरवर्षी घ्यायची असते कारण विषाणू दरवर्षी रूप बदलतो, आणि दरवर्षी फ्रीज कोण देणार? धाकाचं तर विचारूच नका, तेव्हा नाइलाजाने घेतलेले लोक अजून माझ्याकडे बघून म्हणतात, आता कसली आणली आणि.

वेळ आणि कोणती लस

आपल्याकडे फ्लू पावसाळ्यात उसळतो आणि लस लागू पडायला साधारण दोन आठवडे जातात, म्हणून एप्रिल-मे-जून. आमच्याकडे ऊसतोडीला गेलेले तोवर परत आलेले असतात ही सोय. साठा जुलै संपताना आला, एका वर्षी आमचा आला होता, तर शिबिराचा घाट घालूच नका, दमेकरी आणि गरोदर बायका आधी. तीन डोसची लस, म्हणजे कावीळ बी, शून्य-एक-सहा महिने, ती ऊसतोडवाल्यांना सुरू करताना शेवटचा डोस कुठे पडतो ते आधीच मोजा, नाहीतर सहाव्या महिन्यात माणूस कर्नाटकात.

मोठ्यांची बीसीजी, म्हणजे टीबीची लस, २०२४ ला काही जिल्ह्यांत दिली, तिथे मात्र "आज देऊन टाकू" ही भाषा अजिबात नको. ती संमती घेऊन द्यायची, जिवंत जंतूंची लस आहे, गरोदर आणि एचआयव्हीवाल्यांना चालत नाही, त्यामुळे आधी निवांत विचारपूस. न्यूमोनियाची आणि नागिणीची लस मोठ्यांना आपल्याकडे सरकारी मोफत मिळत नाही. कुणी विचारलं तर तसं स्पष्ट सांगायचं, परवडत असेल तर डॉक्टरांशी बोला म्हणायचं, आणि परवडत नसेल त्याच्यासमोर तिचं गुणगान गात बसायचं नाही.

मग कुणी काय निवडायचं

रजिस्टरला नावं बरी असतील आणि हाताखाली माणसं कमी, तर ओपीडी, डोळे झाकून. आठवड्याला पंधरा-वीस झाले तरी दोन महिन्यांत दीडशेच्या आसपास जाता, आणि ते नेमके धोक्यातलेच लोक असतात. नवीन आला असाल, लोक ओळखत नसतील, रजिस्टर अर्धवट असेल, तर पहिला महिना घरोघरी फक्त बोलण्यात घालवा, तेवढ्यात यादीही होईल. वाड्या लांब-लांब असतील तर शिबिर, पण वाडीवर जाऊन छोटं, वीस जणांचं, नावं आधी लिहून घेतलेलं. साठा मुदत संपायला आला असेल तर मोठं शिबिर लावा, इलाज नाही, फक्त पंखा बघून घ्या.

त्या नवीन सीएचओ पोरीचा परवा परत फोन आला. रजिस्टरला दोनशे बारा नावं निघाली म्हणाली, त्यातली चाळीसेक अशी की गोळ्या दुसरंच कुणीतरी नेतं. आणि बॅनरचे पैसे वाचलेत त्याचं काय करू म्हणे. मी म्हटलं वरून मंजुरी मिळते का बघ, दोन टेकायच्या खुर्च्या घे, पाण्याचा जार सांग आणि पारले-जीचे पुडे आणून ठेव.