चोर कसा, तसं कुलूप: गाडीच्या सुरक्षा उपकरणांचा आढावा

स्टिअरिंग लॉक, चावीचं फॅरेडे पाकीट (रेडिओ लहरी अडवणारं, धातूच्या अस्तराचं), छुपा इमोबिलायझर (परवानगीशिवाय इंजिन चालू होऊ न देणारं यंत्र) आणि ट्रॅकर. चारही खोक्यांवर दावा एकच, की आता गाडी सुरक्षित. चारही दावे अर्धेच खरे आहेत, कारण गाड्या चोरणारे एका जातकुळीचे नसतात आणि प्रत्येक वस्तू एखाद-दुसऱ्यालाच अडवते.

सगळ्यात साधा चोर संधीवर जगतो. चावी आत आणि इंजिन चालू ठेवून मालक दोन मिनिटं उतरला की याचं काम झालं. त्याच्यासाठी काहीच विकत घ्यावं लागत नाही. त्यानंतर येतात थरारासाठी गाडी पळवणारी पोरं. अमेरिकेत किया आणि ह्युंदाईच्या साधारण २०११ ते २०२१ दरम्यानच्या अनेक स्वस्त, चावी फिरवून चालू होणाऱ्या मॉडेल्समध्ये इमोबिलायझरच नव्हता. स्टिअरिंग कॉलमचं कव्हर उचकटायचं, इग्निशनचा सिलिंडर काढायचा आणि मागचा खुंट यूएसबी केबलच्या तोंडाने फिरवायचा, एवढंच कसब. व्हिडिओ पसरले तशा चोऱ्याही पसरल्या. युरोपीय संघात नव्या मोटारींना १९९८पासून इमोबिलायझर सक्तीचा होता, त्यामुळे ही युक्ती तिथे चालली नसती.

या पोरांवर स्टिअरिंग लॉक खरोखर चालतो. लांबून दिसतो आणि वेळ खातो, त्यांना तेवढंच नको असतं. मात्र दांड्याच्या लॉकमध्ये लॉक कापायची गरजच नसते. स्टिअरिंगची कड मऊ असते, ती हॅकसॉने कापली की लॉक सरकवून काढता येतो. म्हणून अख्खं चाक झाकणारा तबकडीचा लॉक घ्यावा. जड आहे, ठेवायला जागा खातो आणि रोज लावायचा कंटाळा येतो. डिकीत पडून राहिलेला लॉक मात्र बिनकामाचा.

तिसरा प्रकार टोळीचा. इथे काम वाटलेलं असतं: एक गाडी हेरतो, दुसरा उचलतो, तिसरा चासी नंबर बदलतो किंवा सुटे भाग करून विकतो. उचलणाऱ्याची नेहमीची रीत रिले. बटण न दाबता उघडणारी गाडी १२५ किलोहर्ट्झच्या आसपासच्या लहरींनी चावीला हाक मारते, आणि ही हाक एरवी दीड-दोन मीटरच पोहोचते. एक जण गाडीच्या हँडलपाशी, दुसरा घराच्या दाराशी अँटेना घेऊन उभा राहतो आणि हाक आतल्या चावीपर्यंत पोहोचवतो. चावी जवळच आहे असं समजून गाडी उघडते.

फॅरेडे पाकीट याच चोरीवरचा इलाज, आणि किमतीच्या मानाने यासारखी दुसरी वस्तू नाही. पण ते तपासूनच वापरावं. चावी पाकिटात घालून पाकीट दाराला टेकवा आणि हँडल ओढा. गाडी उघडली तर पाकीट परत करा. मोबाईल आत ठेवून कॉल लागतो का हे पाहण्यात अर्थ नाही, त्या लहरी वेगळ्या वारंवारतेच्या. आतलं धातूचं अस्तर घडीवर फाटतं आणि बाहेरून ते दिसत नाही, म्हणून ही चाचणी दर महिन्याला करावी. घडी नसलेला डबा जास्त टिकतो. जादा चावी विसरू नका, बहुतेकांच्या घरात ती उघड्यावरच असते. काही चाव्या हलल्या नाहीत तर थोड्या वेळाने आपोआप झोपतात. तशी असेल तर पाकिटावाचून भागतं.

रिले बंद पडलं की टोळी तारांकडे वळते. २०२३मध्ये वाहन-सुरक्षेचे अभ्यासक इयन टेबर आणि केन टिंडेल यांनी उलगडून दाखवलेल्या पद्धतीत चोर हेडलाइटच्या जोडणीतून गाडीच्या कॅन जाळ्यात (गाडीतले संगणक ज्यावरून एकमेकांशी बोलतात त्या तारांत) शिरतो आणि ‘चावी खरी आहे’ असा खोटा संदेश सोडतो. उपकरण ब्लूटूथ स्पीकरच्या पोटात लपवलेलं होतं. इथे पाकीट निरुपयोगी. इथे पिनचा छुपा इमोबिलायझर लागतो: गाडीचीच बटणं ठरलेल्या क्रमाने दाबल्याशिवाय इंजिन चालू होत नाही किंवा गाडी हलत नाही. चारांत हा सर्वात भक्कम, बसवणारा मात्र जाणकार हवा. प्रत्येक गाडीत तीच जागा निवडणारा कारागीर चोराचं काम सोपं करतो. गॅरेजला देताना सर्व्हिस मोड (इमोबिलायझर तात्पुरता बंद ठेवणारी सोय) लावा, पिन सांगू नका. आपत्कालीन कोडचं कार्ड गाडीच्या कप्प्यात ठेवू नका. बसवण्याआधी वॉरंटीच्या अटी वाचा.

ट्रॅकर चोरी थांबवत नाही, झाल्यावर शोधतो. उपग्रहाचा सिग्नल क्षीण असतो, छोट्या जॅमरने दबतो आणि पोलादी कंटेनरमध्ये पोहोचत नाही. व्हीएचएफ रेडिओ लहरींवर चालणारा ट्रॅकर अशा जागी जास्त उपयोगी पडतो. ओबीडी सॉकेटात (गाडीचे दोष तपासायला मेकॅनिक वापरतो त्या जोडणीत) खोचलेला तर हाताने उपटता येतो. सामान शोधायचे ब्लूटूथ टॅग घेणार असाल तर एक लक्षात असू द्या: पाठलाग रोखण्यासाठी ते सोबतच्या अनोळखी फोनला सूचना देतात, म्हणजे चोरालाही. शिवाय टोळ्या चोरलेली गाडी काही दिवस लांब कुठेतरी नुसती उभी करून कोणी शोधत येतं का ते बघतात. ट्रॅकरने जागा दाखवली तर तिथे एकट्याने जाऊ नका, पत्ता पोलिसांना द्या.