बंद तारखा नसलेला पास

चार वार्षिक पास खिशात असताना थीम पार्कच्या तिकीट खिडकीसमोर रांगेत उभे राहून त्याच दिवसाची चार तिकिटे पूर्ण किमतीला विकत घ्यावी लागली, त्या दिवशी आपण फसलो आहोत हे मला मनाशी कबूल करावे लागले. तोपर्यंत मी पाच महिने स्वतःचीच समजूत घालत होते. कधी हंगामाच्या गर्दीला दोष द्यावा, कधी आपल्याच आळसाला, असे चालले होते. ज्या पार्कमध्ये आरक्षण केल्याशिवाय पासधारकाला प्रवेश नाही, अशा पार्कचा वार्षिक पास घेण्याचा विचार जे करत असतील, त्यांच्यासाठी हा अनुभव सविस्तर लिहीत आहे.

पासची विक्री ज्या वेळी आणि ज्या जागी होते, तिथूनच फसगतीला सुरुवात होते असे आता वाटते. आम्ही दिवसभर खेळून संध्याकाळी बाहेर पडत होतो, मुलगा आणि मुलगी दमलेली पण खुशीत होती, आणि बाहेर पडण्याच्या वाटेवरच पासविक्रीचे टेबल मांडलेले होते. आजच्या तिकिटाची रक्कम पासच्या किमतीतून वजा होईल, मात्र ही सवलत आज पार्क बंद होईपर्यंतच आहे, असे तेथील विक्रेत्याने सांगितले. पार्कच्या नकाशाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर त्याने हिशेब मांडून दाखवला. एका पासची किंमत एका दिवसाच्या सात तिकिटांएवढी होती, त्यातले एक तिकीट आम्ही आधीच काढलेले होते, म्हणजे माणशी सहा तिकिटांचे पैसे भरायचे होते. "सात फेऱ्यांत पैसे वसूल, आठवीपासून सगळे फुकट," असे म्हणून त्याने आठ या आकड्याभोवती गोल काढला. महिन्यातून एकदा आलात तरी बारा फेऱ्या होतात, हे वाक्य त्याला बोलावेही लागले नाही, ते माझ्याच तोंडून निघाले. फलकावर ठळक अक्षरांत लिहिले होते की या पासला वर्षभरात एकही बंद तारीख नाही, म्हणजे पास चालणार नाही असा एकही दिवस नाही. येण्यापूर्वी आरक्षण करावे लागते हे त्याने लपवले नाही, पण ते सांगताना ॲपवर दोन बोटे फिरवून दाखवली आणि ही केवळ औपचारिकता आहे, असे म्हटले. आम्ही चार पासांसाठी चोवीस तिकिटांचे पैसे भरून बाहेर पडलो.

त्याच रात्री घरी येऊन ॲपमधील कॅलेंडर उघडले. साठ दिवसांपर्यंतचे आरक्षण करता येत होते. हिरवा चौकोन म्हणजे जागा आहे आणि राखाडी चौकोन म्हणजे कोटा संपला, अशी ती मांडणी होती. सोमवार ते गुरुवारचे रकाने हिरवेगार होते, शुक्रवारचे काही, आणि शनिवार-रविवारच्या दोन उभ्या पट्ट्या वरपासून खालपर्यंत जवळजवळ सलग राखाडी होत्या. आठ आठवड्यांत चौघांना जमेल असा एकच रविवार सापडला. तो लगेच धरून ठेवला आणि झोपले.

पुढचे चार महिने आरक्षणाची कला शिकण्यात गेले, आणि ती कला शिकावी लागते हे विक्रीच्या टेबलावर कोणी सांगत नाही. नवा दिवस मध्यरात्री खुला होतो आणि सुटीचा दिवस असेल तर काही मिनिटांत संपतो. आरक्षण आदल्या रात्री बारापर्यंत रद्द करण्याची मुभा असल्यामुळे साडेदहा ते बारा या वेळात लोकांनी सोडलेल्या जागा परत येतात, त्या मिळवायच्या असतील तर फोन हातात घेऊन पान पुन्हा पुन्हा ताजे करत बसावे लागते. एका पासवर एका वेळी तीनच आरक्षणे ठेवता येतात. दोनदा आरक्षण करून गेला नाहीत, तर एकवीस दिवस नवे आरक्षण मिळत नाही. मुलाला ताप आला म्हणून आम्ही एकदा गैरहजर राहिलो, त्यानंतर दुसऱ्या गैरहजेरीची धास्ती इतकी बसली की पावसाची शक्यता दिसली तरी रात्री आठवणीने आरक्षण रद्द करू लागलो. चौघांचा गट म्हणून शोधले, तर चार जागा एकत्र नसल्यास अख्खा दिवस राखाडी दिसतो हे मला फार उशिरा कळले. एकेकाचे वेगळे आरक्षण करून पाहिले तेव्हा एका शनिवारी तिघांची जागा मिळाली आणि मुलीचीच राहिली. सात वर्षांच्या मुलीला घरी ठेवून तिघांनी पार्कला जायचे की काय, अशा विचाराने मी रात्री पावणेबाराला ती तिन्ही आरक्षणे सोडून दिली.

मग तो तिकीट खिडकीचा दिवस आला. परगावाहून पाहुणे आले होते आणि मुलांनी सगळ्यांना मिळून पार्कला जायचा बेत ठरवला. पाहुण्यांची तिकिटे आदल्या रात्री विनासायास मिळाली, त्यांच्यासाठी कसलाही कोटा आडवा आला नाही. आमच्या पासच्या कॅलेंडरमध्ये मात्र तो रविवार राखाडी होता. मी वेडी आशा धरून सकाळी गेटवर गेले आणि पास दाखवला. यंत्राने लाल दिवा दाखवला. बाजूच्या कर्मचारी मुलीने अतिशय नम्रपणे सांगितले, "मॅडम, आज पासधारकांचा कोटा पूर्ण झाला आहे. तिकीट मात्र उपलब्ध आहे." पाहुणे पलीकडे, आम्ही अलीकडे, आणि मुलगी हात धरून ओढत होती. मी चार तिकिटे काढली. त्यात मीठ चोळावे तसे असे झाले, की पासधारकाच्या पाहुण्यांना मिळणारी दहा टक्के सवलत आमच्या पासमुळे पाहुण्यांना मिळालेली होती, आणि ज्यांच्या नावाचा पास होता त्या आम्ही पूर्ण दर भरला.

आत गेल्यावर मी गर्दी शोधत फिरले, हे कबूल केले पाहिजे. पार्क खरोखर भरलेले असते तर मनाला काही समाधान मिळाले असते. सर्वांत मोठ्या रोलर कोस्टरच्या फलकावर प्रतीक्षा वीस मिनिटे लिहिली होती आणि लहान मुलांच्या फिरत्या चक्रावर निम्मे घोडे रिकामे फिरत होते. भरले होते ते पार्क नव्हते, पासधारकांसाठी राखलेला वाटा भरला होता.

घरी आल्यावर मी जे केले ते पहिल्याच दिवशी करायला हवे होते. तिकिटाचे पान आणि पासचे पान शेजारी शेजारी उघडून पाच आठवडे रोज रात्री नोंद ठेवली. त्या दहा शनिवार-रविवारांपैकी आठ दिवस पासधारकांसाठी पूर्ण भरलेले होते, आणि दहाच्या दहा दिवस तिकिटे विक्रीला होती. यामागचे गणित समजायला फार हुशारी लागत नाही. पासधारकाचे पैसे पार्कच्या खिशात आधीच पडलेले असतात, तो डबा घेऊन येतो, आठवणवस्तू घेत नाही, दोन खेळ खेळून परत जातो. एका दिवसापुरता आलेला माणूस तिकीट काढतो, आत जेवतो, टोप्या आणि खेळणी घेतो. आरक्षणाची पद्धत एकदा हातात आली की सुटीच्या दिवशी कोणाला किती जागा द्यायची हे पार्कला ठरवता येते, आणि कोणता व्यापारी ती संधी सोडील? माझी तक्रार त्या व्यवहाराबद्दल नाही. तो व्यवहार माहीत असूनही "एकही बंद तारीख नाही" असा फलक लावून पास विकला, याबद्दल आहे. शब्दशः पाहिले तर फलक खोटा नव्हता. एकही तारीख बंद नव्हती, त्या नुसत्या भरलेल्या होत्या.

मी तक्रार केली तेव्हा उत्तरात अटींमधील एक कलम पाठवण्यात आले, ज्यात प्रवेश उपलब्धतेच्या अधीन राहील असे लिहिलेले होते. ही उपलब्धता कोणाची, पार्कची की पासधारकांच्या वाट्याची, आणि तो वाटा दर दिवशी किती, हे मी तीनदा विचारले. तीनही वेळा तेच कलम परत आले. शेवटी सदिच्छा म्हणून पासची मुदत दोन महिन्यांनी वाढवून मिळाली, आणि त्या दोन महिन्यांत आम्ही एका मंगळवारी, शाळेला सुटी होती म्हणून, एकदा जाऊन आलो.

हे आपल्याच बाबतीत घडले असे वाटत असताना वाचनात आले की अमेरिकेत याच मुद्द्यावर खटला झालेला आहे. कॅलिफोर्नियातील डिस्नेलँडने आपली जुनी वार्षिक पासची योजना जानेवारी 2021 मध्ये बंद केली आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आरक्षणावर आधारित 'मॅजिक की' ही योजना आणली. त्यातील सर्वांत महाग 'ड्रीम की' 1,399 डॉलरना होती आणि तिला बंद तारखा नाहीत अशी तिची जाहिरात होती. एका पासधारक महिलेने 2021 च्या अखेरीस दावा दाखल केला. ड्रीम की असूनही हव्या त्या दिवसांचे आरक्षण मिळत नाही, आणि त्याच दिवसांची साधी तिकिटे मात्र विकली जात आहेत, असे तिचे म्हणणे होते. कंपनीने चूक मान्य केली नाही, परंतु 2023 मध्ये 95 लाख डॉलरची तडजोड झाली. ही रक्कम एक लाखाहून अधिक पासधारकांत वाटायची होती, त्यामुळे वकिलांचा खर्च वजा जाता प्रत्येकाच्या वाट्याला अंदाजे 67 डॉलर येतील असे सांगण्यात आले. पासच्या किमतीच्या विसाव्या हिश्श्याहूनही ही भरपाई कमी आहे, हे न्यायालयात जाण्याचा उत्साह असलेल्यांनी लक्षात घ्यावे. ड्रीम की 2022 मध्ये मागे घेण्यात आली आणि तिच्या जागी बंद तारखा उघड सांगणारा, अधिक महाग पास आला. मला तो अधिक प्रामाणिक वाटतो. बंद तारीख आधी कळली तर माणूस तिचा हिशेब करू शकतो.

आता तो हिशेब. विक्रेत्याने किमतीला तिकिटाने भागले होते, पण भागायचे होते ते आपल्या मोकळ्या दिवसांपैकी जे दिवस पासला खरोखर मिळतील त्यांनी. वर्षात शनिवार-रविवार मिळून 104 दिवस असतात हे खरे, पण त्यातून परीक्षा, आजारपणे, लग्नकार्ये, पाऊस आणि घरातील अपरिहार्य कामे वजा केल्यावर आमच्या हाती पन्नासच्या आसपास दिवस उरत होते. माझ्या नोंदीप्रमाणे त्यातील पाचातला एकच दिवस पासला खुला, म्हणजे वर्षाचे दहा. त्या दहा दिवसांपैकी चौघांची जागा एकत्र मिळणारे आणि ऐनवेळी कोणी आजारी न पडणारे किती? पहिल्या वर्षात चार. सात तिकिटांच्या पासवर चार फेऱ्या झाल्या, म्हणजे एक फेरी पावणेदोन तिकिटांना पडली. वाढवून मिळालेला मंगळवार धरला तरी हिशेब पाच फेऱ्यांवर थांबतो, आणि खिडकीवर घेतलेली ती चार तिकिटे यात धरलेलीच नाहीत. पार्किंगवर निम्मी सवलत होती, तिचा मोठा गाजावाजा केलेला होता, पण चार-पाच फेऱ्यांत त्यातून किती वाचणार!

निष्पक्षपणे सांगायचे तर याच पासवर आमच्या शेजारचे निवृत्त दांपत्य खूश आहे. ते मंगळवारी अकराला जातात, बागेत फिरतात, एखादा कार्यक्रम पाहतात आणि तीनला घरी येतात. त्यांची वर्षात वीसच्या वर फेरी झाली आहे. त्यांच्यासाठी हिरवे चौकोन आहेत. शाळेत जाणारी मुले आणि नोकरी असलेल्या कुटुंबाने मात्र पास घेण्यापूर्वी पासधारकांचे कॅलेंडर पाहण्याचा आग्रह धरावा, तिकिटाचे नव्हे. अनेक पार्क ते खरेदीपूर्वीही दाखवतात, आणि जिथे ते पास घेतल्यावरच दिसते तिथे आधीच्या एखाद्या पासधारकाच्या फोनवर पाहून घ्यावे. एकदा पाहणे पुरेसे नाही. दोन-तीन आठवडे नोंद ठेवली की आपल्या उपयोगाचे दिवस कसे नाहीसे होतात ते कळते. एका वेळी किती आरक्षणे धरता येतात, गैरहजेरीला दंड काय, आणि पासधारकांचा कोटा तिकिटांपासून वेगळा आहे का, हे तीन प्रश्न लेखी विचारावेत. तिसऱ्याला सरळ उत्तर आले नाही, तर ते उत्तरच समजावे. "आजपुरती सवलत" असेल तर ती सोडावी. फार तर माणशी एका तिकिटाचे नुकसान होते, आणि मी ती चार तिकिटे वाचवण्यासाठी चोवीस तिकिटांचे पैसे मोजले.

आणखी एक गोष्ट आमच्या ध्यानात उशिरा आली. अर्जात शेवटच्या पानावर आपोआप नूतनीकरणाला संमती देणारी खूण आधीपासूनच केलेली होती. मुदत संपण्याच्या सात दिवस आधी संदेश आला की चारही पासांची रक्कम कार्डावरून घेतली जाईल. पास ॲपवर विकत घेता येत होता, रद्द करण्यासाठी मात्र कार्यालयीन वेळेत फोन करावा लागत होता. चाळीस मिनिटे संगीत ऐकल्यावर एक तरुण फोनवर आला आणि रद्द करण्याचे कारण विचारू लागला. मी म्हटले, आम्हाला येता येईल त्या दिवशी आरक्षण मिळत नाही. तो थोडा थांबला, मग म्हणाला, "मॅडम, माझ्याकडे कारणांची यादी आहे, त्यातले एक निवडावे लागते. स्थलांतर, किंमत, आवड कमी झाली, किंवा इतर." माझी नोंद 'इतर' या सदरात झाली.