वाड्यातली बालवाडी : जागा उत्तम, छताचे तेवढे बघावे

लातूर जिल्ह्यातील आमच्या गावात एका जुन्या वाड्यात बालवाडी भरते. नातीचे नाव घालण्याआधी मी शिक्षिकांपेक्षा भिंतींची चौकशी जास्त केली, कारण १९९३ नंतर आमच्या भागात दगडामातीच्या घरात लेकरू सोडताना माणसाची नजर आधी वर जाते.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात इतकी माणसे दगावली, त्यामागे घरांची बांधणी हे मोठे कारण होते. मातीत रचलेल्या रुंद भिंतींचे आतले आणि बाहेरचे पदर एकमेकांत गुंतवणारे लांब दगड बहुतेक ठिकाणी घातलेलेच नव्हते, आणि गळती थांबावी म्हणून थरावर थर चढवत नेलेल्या माळवदाचे, म्हणजे मातीच्या सपाट छताचे, ओझे वर होते. या वाड्याच्या मालकांनी पुढे माळवदाची माती उतरवून पत्रे घातले आणि भिंतींच्या माथ्यावर सलग काँक्रीटचा पट्टा ओतला, हे त्यांनी शहाणपणाचे केले.

बाकी वाडा जणू मुलांसाठीच बांधलेला आहे. दारालगतच्या ढाळजेत, म्हणजे बसायच्या ओट्यावर, पालक थांबतात, चौकात मुले खेळतात आणि ओसरीवर बसलेल्या बाईंना सगळी मुले एका नजरेत दिसतात. मला विशेष आवडल्या त्या भिंतीतल्या ठेंगण्या देवळ्या. चुन्याचे हात देऊनही त्यांच्या कमानीखालची दिव्याची काजळी पुरती गेलेली नाही. आता तिथे लाकडी ठोकळे, मणी आणि शंख मांडलेले असतात, आणि तीन वर्षांचे मूल कोणाला न विचारता वस्तू घेते व परत ठेवते. वस्तू मुलाच्या हाताला लागल्या पाहिजेत, हा माँटेसोरीबाईंचा आग्रह इथे सुताराला न बोलावता साधला आहे. त्यांचे पहिले बालगृहही १९०७ साली रोममधल्या सॅन लोरेंझो या गरीब वस्तीत, राहत्या घरांच्या इमारतीतच सुरू झाले होते.

फी माफक आहे, स्वच्छतागृह नवे आहे.

तक्रार आहे ती पत्र्यांची. माळवद गेले तसा त्याचा गारवाही गेला. मार्चपासून अकराच्या पुढे आतल्या खोलीत बसवत नाही, आणि पाऊस लागला की बाईंचे गाणे पहिल्या ओळीलाच बुडते. पत्र्यांखाली हलके आच्छादन लावले तर दोन्ही त्रास पुष्कळ कमी होतील. चालकांना मी तसे सांगितले, त्यांनी मान डोलावली, काम अजून झालेले नाही. प्रवेशाची चौकशी शक्यतो एप्रिलमध्ये, भर दुपारी करावी आणि आतली खोली उघडून दाखवायला सांगावी.