पहिली डाउनहिल सायकल: नवी हार्डटेल, जुनी फुल सस्पेन्शन की खरी डीएच?

मामेभावाचा मेसेज आला, दादा ७५ हजारात डाउनहिलची, म्हणजे डोंगरउतारावरून खाली यायची सायकल घ्यायचीय, यातली कुठली घेऊ, आणि खाली तीन लिंका. पहिली नवी हार्डटेल, म्हणजे पुढे सस्पेन्शन आणि मागे काही नाही. दुसरी सात वर्षं वापरलेली फुल सस्पेन्शन, म्हणजे दोन्हीकडे सस्पेन्शन, पुढे १५० मिमी दबणारं आणि मागे १४०. आणि तिसरी खरीखुरी डाउनहिल (डीएच) सायकल, पुढेमागे २०० मिमी ट्रॅव्हल (सस्पेन्शन दबायचं अंतर), पुढचं चाक धरणारा फोर्क मोटरसायकलसारखा डबल क्राउन, २६ इंची चाकं, फोटोतच अशी दिसते की बाकीच्या दोन बघाव्याशा वाटत नाहीत. तिघींच्या भावात फरक पाच-सात हजारांचा. त्याला फोनवर तासभर सांगितलं आणि मग वाटलं लिहूनच काढावं, कारण दर दिवाळीच्या आसपास हेच कोणी ना कोणी विचारतं, पाऊस संपलेला असतो, टेकड्या हिरव्या असतात आणि बोनस हातात आलेला असतो.

मी त्याला आधी एकच विचारलं. वर कसा जाणार?

हा प्रश्न कोणी विचारतच नाही, सगळे उताराचं बघतात. स्कॉटलंडमधल्या फोर्ट विल्यमचा वर्ल्डकप ट्रॅक साधारण २.८ किमी लांब, उतार साडेपाचशे मीटरच्या आसपास, पण तिथे वर न्यायला गोंडोला, म्हणजे केबल कार आहे. डीएच सायकल बनतेच त्या हिशोबाने. सोळा-सतरा किलो वजन, मागे सातच गिअर आणि तेही उतारावरच्या वेगासाठी, चढाचा मोठा गिअर नाहीच, सीट इतकी खाली की बसून पेडल मारलं तर गुडघे छातीशी येतात, आणि हेड अँगल, म्हणजे पुढच्या फोर्कचा कल, ६३ अंशांच्या आसपास असल्यामुळे चढावर पुढचं चाक कुठेही भरकटतं. आपल्याकडे पुण्यात वेताळ टेकडी घ्या नाहीतर सिंहगडाच्या बाजूच्या सोंडा घ्या, वर जायचं ते पेडल मारत नाहीतर ढकलत. सतरा किलो ढकलत अर्धा तास वर आणि चार मिनिटांत खाली, असं दोनदा केलं की तिसऱ्यांदा कोणी वर जात नाही, आणि शिकायचं म्हणजे तर तोच उतार दहा वेळा उतरायला हवा.

हां, तुमच्या ग्रुपमध्ये कोणाकडे पिकअप असेल, घाटरस्त्याने सायकली वर न्यायच्या आणि सोंडेने खाली यायचं असा दर रविवारचा बेत पक्का असेल, तर डीएच सायकलचा विचार करा. पण तेव्हाही ही नको. २६ इंची चांगले टायर आता शोधावे लागतात, पुढचा अ‍ॅक्सल २० मिमीचा, मागचा हब १५० मिमीचा, आणि मागचा शॉक जुन्या इंची मापाचा, साडेनऊ बाय तीन. २०१६ पासून नवे शॉक बहुतेक मेट्रिक मापात यायला लागले, त्यामुळे तो शॉक गेला की त्याच मापाचा दुसरा मिळेपर्यंत सायकल भिंतीला टेकलेली. ज्याच्याकडे सुटे भाग जमवलेले आहेत आणि हात काळे करायची आवड आहे त्याच्यासाठी ठीक, पहिली सायकल म्हणून माझं स्पष्ट नाही.

बाजारात पंधरा-वीस हजाराला डबल शॉकअपच्या म्हणून ज्या सायकली मिळतात त्यांच्यावर जास्त लिहीत नाही. मागे नुसती स्प्रिंग असते, डॅम्पिंग, म्हणजे तिची उसळी आवरणारं काही नाही, खड्ड्यातून गेलं की ती तुम्हाला वर फेकते. सोसायटीत फिरवायला ठीक, डोंगरावर नेऊ नका, हात जोडून सांगतो.

तर खरी लढत हार्डटेल आणि जुनी फुल सस्पेन्शन यांच्यातच आहे.

हार्डटेल बघताना फ्रेमचा रंग, गिअर किती, हे सगळं सोडा आणि सरळ फोर्ककडे जा. सनटूरचा एक्ससीटी किंवा त्याच्यासारखा बारीक नळ्यांचा, साध्या क्विक रिलीजचा स्प्रिंग फोर्क असेल तर ती सायकल रस्त्यासाठी आणि कच्च्या वाटेसाठी आहे, उतारासाठी नाही. नळ्या ३२ मिमी किंवा त्याहून जाड, १५ मिमीचा थ्रू अ‍ॅक्सल, एअर स्प्रिंग आणि रिबाउंडचा (फोर्क परत वर यायचा वेग ठरवणारा) नॉब, हे चार असतील तर पुढे बोलू. एअर का, तर साधी स्प्रिंग ही कंपनी कुठल्या तरी सरासरी वजनाच्या माणसाला धरून टाकते आणि माझा भाऊ ५८ किलोचा आहे, त्याच्याखाली ती दबतच नाही. एअर फोर्कमध्ये शॉक पंपाने हवा कमीजास्त करता येते. नळीवर एक झिप टाय बांधायचा, पूर्ण सामान अंगावर घालून पेडलवर उभं राहायचं आणि फोर्क किती खाली बसला ते मोजायचं, १२० मिमीच्या फोर्कला चोवीस-पंचवीस मिमी म्हणजे साधारण वीस टक्के, तिथून सुरुवात करा.

भावाने लगेच विचारलं, मग १०० मिमीची स्वस्त हार्डटेल घेऊन वर १६० चा फोर्क टाकू का. नाही. फोर्क वीस मिमीने लांब झाला की हेड अँगल साधारण एक अंशाने बदलतो, एवढं एखादी फ्रेम सहन करेल, पण साठ मिमी वाढवलं तर हेडट्यूबच्या, म्हणजे फोर्क जिच्यात बसतो त्या नळीच्या, जोडावर जो ताण येतो त्यासाठी ती फ्रेम बनलेलीच नाही आणि वॉरंटीही जाते. शिवाय स्वस्त फ्रेमची हेडट्यूब सरळ असेल तर आजचे बहुतेक चांगले टेपर्ड (खाली जाड होत जाणारे) फोर्क तिच्यात बसतच नाहीत.

आणखी एक गोष्ट दुकानात सहसा कोणी दाखवत नाही. बऱ्याच कंपन्या फ्रेमवर किंवा मॅन्युअलमध्ये १ ते ५ असा आकडा देतात, एएसटीएम या मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या वर्गवारीप्रमाणे. ३ म्हणजे खडबडीत वाट आणि ६१ सेंमीपर्यंतच्या उड्या, ४ म्हणजे १२२ सेंमीपर्यंत, ५ म्हणजे डाउनहिल, फ्रीराइड. भावाच्या लिंकमधली हार्डटेल ३ ची निघाली आणि जुनी फुल सस्पेन्शन ४ ची. हा फरक मोठा आहे, लपवण्यात अर्थ नाही. दोन फुटांपर्यंत खुशाल, त्यापुढे त्या हार्डटेलवर नाही, हे मी त्याच्याकडून कबूल करून घेतलं.

ब्रेकवर जरा थांबतो, कारण माझं स्वतःचं मनगट यात गेलंय. माझ्या पहिल्या सायकलला केबलवाले डिस्क ब्रेक होते, बोपदेव घाटाच्या बाजूच्या एका सोंडेवरून उतरताना अर्ध्यात बोटं इतकी भरून आली की लिव्हर दाबला जाईना, शेवटच्या वळणावर सायकल सरळ गेली आणि मी दगडात. सहा आठवडे प्लॅस्टर. तेव्हापासून मी सगळ्यांना सांगतो, हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावरचे ब्रेक नसतील तर ती सायकल उतारासाठी बघूच नका. शिमानोचे साधे एमटी२०० सुद्धा एक-दोन बोटांनी सायकल थांबवतात. फक्त रोटर, म्हणजे चाकावरची ब्रेकची चकती, बघा. स्वस्त रोटरवर बारीक अक्षरात 'रेझिन पॅड ओन्ली' कोरलेलं असतं, त्याला मेटल पॅड लावले तर रोटर खाऊन टाकतात, आणि लांब उतारावर तापून रेझिन पॅडची पकड लवकर जाते. पुढे १६० मिमीचा रोटर असेल तर १८० करा, नुसत्या व्यासानेच साधारण बारा टक्के जोर वाढतो आणि तापायला जास्त धातू मिळतो तो वेगळा. ब्रेक तापायचा प्रश्न या खेळाइतकाच जुना आहे. १९७६ मध्ये कॅलिफोर्नियात मरिन काउंटीच्या ज्या उतारावर शर्यती सुरू झाल्या त्याचं नावच रिपॅक, कारण एका उतारात मागच्या कोस्टर ब्रेकच्या (पेडल उलटं मारलं की लागणाऱ्या) हबमधलं ग्रीस जळून धूर व्हायचा आणि खाली आल्यावर हब उघडून ते पुन्हा भरावं लागायचं.

टायरबद्दल दोन्ही सायकलींना एकच नियम, आणि तो आपल्या मातीचा आहे. पावसाळ्यानंतर आपल्या टेकड्यांवर कडक जमिनीवर बारीक मुरूम पसरलेला असतो, ब्रेक मारला की ज्वारीच्या दाण्यांवर पाय पडल्यासारखं चाक सुटतं. पुढे किमान २.४ इंच रुंद, बाजूला उंच गुट्ट्या असलेला टायर हवाच, मॅक्सिसचा मिनियन डीएचएफ किंवा असेगाय उगाच इतके वापरले जात नाहीत. आणि बाभळीचे काटे. ट्यूबवर गेलात तर रविवार पंक्चर काढण्यात जाईल, पहिल्या महिन्यातच ट्यूबलेस करून घ्या. कोकणात जांभ्याच्या कातळावर नेणार असाल तर बाजूची भिंत जाड असलेलं केसिंग घ्या, तो दगड टायर कानशीसारखा घासतो.

आता फुल सस्पेन्शन. उतारावर ती जास्त चांगली, यात वादच नाही. मागचं चाक जमिनीला धरून राहतं, ब्रेक लागतो, पाय थकत नाहीत, चूक झाली तर सावरून घेते. पण ती चांगली राहावी म्हणून काय करावं लागतं तेही बघा. रॉकशॉक्सच्या बऱ्याच फोर्क-शॉकला खालच्या नळ्यांची आणि एअर कॅनची सर्व्हिस दर ५० तासांनी सांगितलेली असते. शनिवार-रविवार दोन-दोन तास चालवली तर तीन महिन्यांत ५० तास झाले. पावसातल्या चिखलात पिव्हटची (मागचा भाग जिथे वळतो त्या सांध्यांची) बेअरिंगही लवकर जातात. नव्या फुल सस्पेन्शनचं तर विचारूच नका, यूट्यूबवर अमेरिकेतला माणूस १५०० डॉलरची सायकल बजेट म्हणून दाखवतो, आपल्याकडे आयात केलेल्या तयार सायकलवर २०२३ च्या बजेटने कस्टम ड्युटी ३५ टक्के केली होती. सप्टेंबर २०२५ मध्ये सायकलींचा जीएसटी १२ वरून ५ वर आला तरी चांगल्या कंपनीची ७५ हजारात बसेल अशी आशा मी तरी धरत नाही. म्हणून जुनीच.

ती जुनी बघायला आम्ही शनिवारी गेलो. सायकल धुऊन पुसून चकाचक उभी. मी सीटला धरलं आणि अगदी सावकाश वर उचललं, मागचं चाक जमीन सोडायच्या आधी हाताला बारीकसा टक् लागला. परत केलं, परत टक्. मग भावाला मेन पिव्हटच्या फटीवर बोट ठेवायला सांगितलं आणि मी उचललं, तो म्हणाला दादा इथे हलतंय. बेअरिंग गेलेली. फोर्कच्या नळ्यांवरून नख फिरवलं, उजव्या नळीवर सीलच्या वर दोन बोटांवर नख अडकलं, ओरखडा आहे, म्हणजे तिथून तेल येणार आणि माती आत जाणार. हेडट्यूबखालचा जोड आणि पिव्हटच्या आजूबाजूचा रंग मोबाइलच्या टॉर्चने बघितला, केसासारखी रेघ कुठे नाही, फ्रेम धडधाकट आहे. खाली क्रँकच्या इथला सीरियल नंबर आणि बिल जुळवायचं राहिलं, बिल गावी आहे म्हणाले. बिलाशिवाय जुनी सायकल घेऊ नका, चोरीची निघाली तर पैसेही जातात आणि सायकलही.

साइजचं एवढंच, एका दुकानात मला एक साइज लहान सायकल 'सीट वर घेतली की बसेल' म्हणून दिली होती. सीट वर घेतल्याने पाय सरळ होतात, सायकल लांब होत नाही. उतारावर तुम्ही उभे असता, तेव्हा सीटचा संबंधच नाही, हँडल आणि क्रँक यांच्यातलं अंतर, रीच, तेच सगळं. पुढचं चाक पोटाखाली आल्यासारखं वाटायचं, दोन वर्षं तशी चालवली.

भावाला मी हार्डटेल सांगितली. तो अजून एकदाही उतारावर गेलेला नाही, राहतो कोथरूडला, टेकडीवर पेडल मारत जाणार, आणि आपले उतार तीन-चार मिनिटांचे आहेत, तेवढ्यात हार्डटेल अंगाला फार त्रास देत नाही. उलट मागचं चाक प्रत्येक दगड कळवतं, त्यामुळे दगड टाळायचा की त्यावरून जायचं हे पहिल्या महिन्यापासून बघायला लागतो माणूस. सायकल ५६ हजार, उरलेल्यात फुल फेस हेल्मेट, गुडघ्याचे पॅड, ट्यूबलेस, शॉक पंप आणि पुढचा १८० चा रोटर. हेल्मेट नंतर घेऊ म्हणत होता, मी म्हटलं मग सायकलही नंतर घे.

पण तुम्ही दोन-तीन वर्षं चालवताय, मोठ्या उड्या घ्यायच्या आहेत, सर्व्हिस स्वतः करता येते किंवा करणारा ओळखीचा आहे, तर तुम्हाला मी तीच जुनी फुल सस्पेन्शन सांगेन, फक्त टक् वाजणारी जशीच्या तशी नाही. त्या मालकाला आम्ही बेअरिंग आणि फोर्कच्या नळ्यांचा खर्च भावातून कमी करा म्हणून सांगून आलोय. बुधवारी गावाहून बिल येणार आहे. नंबर जुळला आणि भाव उतरला तर ती मीच घेतो, भाऊ हार्डटेल घेईल, आणि मग एका उतारावर दोन्ही आलटून पालटून चालवता येतील.